‘निधी आला नाही’ या उत्तराचे पाच अर्थ

नागपूर-वर्धा लोहमार्गावर बोरखेडी आणि तुळजापूर या स्थानकांच्या दरम्यान वसलेले सिंदी (रेल्वे) हे सेलू तालुक्यातील बाजारपेठेचे गाव आहे. भोवतालच्या काळ्या जमिनीत कापूस, तूर, सोयाबीन आणि हरभरा ही पिके होतात. कापसाच्या हंगामात येथील बाजार गजबजून जातो आणि येथील तान्हा पोळा पाहण्यास दूरदूरहून लोक येतात. या परिसरातील अनेक शेतकरी ठिबक संच, तुषार संच व सुधारित अवजारे यांसाठी शासनाचे अर्थसाहाय्य घेतात. या योजनांची सर्वसाधारण रीत अशी आहे की, पूर्वसंमती मिळाल्यावर शेतकऱ्याने प्रथम आपल्या पैशाने खरेदी करावी, त्यानंतर मोका तपासणी व्हावी आणि मग अनुदानाची रक्कम आधारशी जोडलेल्या त्याच्या बँक खात्यात जमा व्हावी.

खरेदी आणि अनुदान यांमधील काळ शेतकऱ्याला जड जातो. दुकानदाराची उधारी उभी असते, सोसायटीचा हप्ता जवळ येतो आणि पुढील पेरणीचे बियाणे डोळ्यांपुढे दिसू लागते. अशा वेळी तो गावातील कृषी कर्मचाऱ्याकडे चौकशीस जातो आणि बहुधा तीन शब्दांचे उत्तर घेऊन परततो : ‘निधी आला नाही.’ हे उत्तर खोटे नसते, परंतु ते पुरेसेही नसते. शासनाचा रुपया मुंबईहून निघून शेतकऱ्याच्या खात्यापर्यंत पोचेतो त्याला निरनिराळ्या टप्प्यांवर थांबावे लागते. तो कोणत्या टप्प्यावर थांबला आहे, यावर पुढे काय करावयाचे हे अवलंबून असते. काही वेळा केवळ वाट पाहणे हाच उपाय असतो. काही वेळा मात्र एक कागद दुरुस्त केल्याने काम होते, आणि तो वेळेवर दुरुस्त न केल्यास सबंध वर्ष वाया जाते.

यास्तव राज्याचा खर्च कसा ठरतो, पैसा कसा सुटतो आणि त्याचा हिशेब कसा राहतो, याची माहिती ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांना व शेतकरी बंधुभगिनींना असणे अगत्याचे आहे. ‘निधी आला नाही’ या एका वाक्यात पाच निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असू शकतात. त्यांचा येथे क्रमाने विचार केला आहे.

पहिला अर्थ : तरतूदच झालेली नाही

राज्याला मिळणारे कर, शुल्के आणि उभारलेली कर्जे ही सर्व राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतात. संविधानाच्या अनुच्छेद २६६ अन्वये या निधीतून कायद्याच्या आधाराविना एक पैसाही काढता येत नाही. मंत्री असोत वा सचिव, त्यांच्या केवळ शब्दावर कोषागार पैसे देत नाही. त्यासाठी विधिमंडळाची संमती लागते.

ही संमती मिळविण्यासाठी दरवर्षी वार्षिक वित्तीय विवरणपत्र सभागृहापुढे ठेवले जाते. अनुच्छेद २०२ मध्ये त्याची तजवीज आहे. यालाच आपण अर्थसंकल्प म्हणतो. त्यातील अनुदानाच्या मागण्यांवर विधानसभा मतदान करते आणि त्यानंतर विनियोजनाचा कायदा संमत होतो. १ एप्रिलपासून पुढील ३१ मार्चपर्यंत कोणत्या कामावर जास्तीत जास्त किती खर्च करता येईल, हे या कायद्याने बांधून दिलेले असते. काही खर्च मात्र ‘भारित’ असतो, म्हणजे त्यावर मतदान होत नाही. राज्याच्या कर्जावरील व्याज आणि उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन ही त्याची उदाहरणे होत.

अर्थसंकल्प मार्च महिन्यात मांडला जातो म्हणून तो मार्चमध्येच तयार होतो, असा समज करून घेऊ नये. पुढील वर्षासाठी किती रक्कम लागेल याचे अंदाज कित्येक महिने आधी क्षेत्रीय कार्यालयांतून वर जाऊ लागतात. तालुक्याचे अंदाज जिल्ह्यात, जिल्ह्याचे विभागात आणि तेथून मंत्रालयातील प्रशासकीय विभागात जातात. शेवटी वित्त विभाग व नियोजन विभाग त्यांची छाननी करतात. वेतन, निवृत्तिवेतन व व्याज यांसारखा न टाळता येणारा ‘अनिवार्य खर्च’ प्रथम बाजूला काढला जातो आणि उरलेल्या रकमेतून विकासाच्या योजनांचा ‘कार्यक्रम खर्च’ ठरतो. पूर्वीचा योजना व योजनेतर हा भेद २०१७-१८ पासून रद्द झाला आहे.

याखेरीज प्रत्येक जिल्ह्याची एक जिल्हा वार्षिक योजना असते. १९९८ च्या अधिनियमान्वये जिल्हा नियोजन समित्या स्थापन झाल्या असून पालकमंत्री हे समितीचे अध्यक्ष असतात. वर्धा जिल्ह्यातील जी कामे जिल्हास्तरीय योजनेतून व्हावयाची असतात त्यांचा आराखडा ही समिती पाहते.

या सर्व रचनेवरून एक गोष्ट स्पष्ट होते. गावाची गरज अंदाज वर जाण्यापूर्वी कागदावर आली पाहिजे. ज्या गरजेची नोंद त्या वेळी झाली नाही तिला मार्चमध्ये कोणी कितीही आग्रह धरला तरी सहसा जागा मिळत नाही. तरीही वर्षाच्या मध्यात तरतूद वाढविण्याची वाट मोकळी असते. पावसाळी व हिवाळी अधिवेशनांत शासन पुरवणी मागण्या मांडते. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराला अनुसरून विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपूरला भरते, आणि हिवाळ्यात तेथे संमत होणाऱ्या पुरवणी मागण्यांवर पुष्कळदा अपुऱ्या पडलेल्या योजनांचे भवितव्य ठरते. शेतकऱ्याच्या योजनेला तरतूद नसेल तर त्याचे उत्तर तालुक्याच्या कार्यालयात नसून विधिमंडळात असते, आणि तेथवर पोचण्याचा मार्ग लोकप्रतिनिधींमार्फत जातो.

दुसरा अर्थ : तरतूद आहे, पण वितरण झालेले नाही

पाडव्याला शेतकरी सालगड्याचे साल ठरवितो. वर्षाला किती रक्कम व किती धान्य द्यावयाचे हे त्या दिवशी नक्की होते, पण ते सगळे त्याच दिवशी सालगड्याच्या हाती पडत नाही. घरात जसा माल येईल तसे ते वर्षभरात दिले जाते. राज्याच्या तरतुदीचेही असेच आहे. अर्थसंकल्पात रक्कम आली म्हणजे ती खर्च करण्याची मर्यादा ठरली. प्रत्यक्ष पैसा वसुली होईल तसतसा वर्षभर येत राहतो.

यासाठी वर्षारंभी वित्त विभाग खर्चाविषयी सूचना काढतो आणि तरतुदीपैकी किती हिस्सा कोणत्या काळात वापरता येईल हे ठरवितो. हे वितरण ‘बीम्स’ या संगणकीय प्रणालीतून होते. मंत्रालयातील विभाग नियंत्रण अधिकाऱ्याला रक्कम देतो आणि नियंत्रण अधिकारी ती आपल्या हाताखालच्या आहरण व संवितरण अधिकाऱ्याला देतो. ज्या अधिकाऱ्याच्या सहीने कोषागारातून पैसे काढता येतात तो आहरण व संवितरण अधिकारी. त्याच्या नावे प्रणालीत जितकी रक्कम दिसते तितक्याच रकमेचे प्राधिकारपत्र निघते. एक रुपया अधिक मागितला तरी प्रणाली ते देत नाही. पूर्वी असे वाटप कागदोपत्री होत असे. आता खर्चाची मर्यादा पैसे काढण्यापूर्वीच तपासली जाते, हा या व्यवस्थेतील मोठा फरक आहे.

वितरण का थांबू शकते याचे ठळक उदाहरण २०२० साली दिसले. करोनाच्या साथीमुळे व्यवहार ठप्प झाले आणि राज्याची वसुली एकाएकी आटली. तेव्हा ४ मे २०२० रोजी वित्त विभागाने शासन निर्णय काढून त्या वर्षीच्या विकास कार्यक्रमांच्या तरतुदींपैकी केवळ ३३ टक्के निधी उपलब्ध होईल असे जाहीर केले. सार्वजनिक आरोग्य, वैद्यकीय शिक्षण, अन्न व नागरी पुरवठा, मदत व पुनर्वसन या विभागांना अग्रक्रम देण्यात आला. अर्थसंकल्प तोच होता व विधिमंडळाची संमतीही कायम होती, परंतु तिजोरीत आवक नव्हती. अशा वर्षी तालुका कार्यालयाने कितीही खटपट केली तरी पैसा येत नाही, आणि शेतकऱ्याला हे स्पष्ट सांगणे हाच प्रामाणिकपणा ठरतो. पूर्वसंमती हाती असली तरी खरेदीसाठी मोठे कर्ज काढावे की थोडे थांबावे, याचा निर्णय मग तो उघड्या डोळ्यांनी घेऊ शकतो.

तिसरा अर्थ : पैसा आला आहे, पण तो दुसऱ्या खात्याचा किंवा एकाच हिश्श्याचा आहे

‘सिंदी’ एवढाच पत्ता लिहून वर्धा जिल्ह्यात पत्र पाठविले तर ते भलतीकडे जाण्याचा संभव असतो. एक सिंदी (रेल्वे) आहे आणि दुसरी वर्धा शहरालगतची सिंदी (मेघे). कंसातील शब्दावरून गाव ओळखावे लागते. सरकारी पैशालाही असाच पत्ता असतो, त्याला लेखाशीर्ष म्हणतात. पहिले चार अंक मुख्य शीर्षाचे असतात, आणि त्यापुढे गौण शीर्ष, उपशीर्ष व तपशीलवार शीर्ष येत येत शेवटचे दोन अंक खर्चाची बाब दाखवितात.

शेतकऱ्यांच्या कानावर यांतील काही आकडे नेहमी पडत असतात. पीक संवर्धनाचे मुख्य शीर्ष २४०१, मृद व जलसंधारणाचे २४०२ आणि पशुसंवर्धनाचे २४०३ आहे. गावात ‘पंचवीस-पंधरा’चा रस्ता झाला असे म्हणतात, तेव्हा तो इतर ग्रामविकास कार्यक्रमांच्या २५१५ या शीर्षातून झालेला असतो. रस्त्याच्या देखभालीचा खर्च ३०५४ मध्ये पडतो, तर नवा रस्ता बांधण्याचा भांडवली खर्च ५०५४ मध्ये पडतो. दोन वा तीन या अंकाने आरंभ होणारे शीर्ष चालू खर्चाचे आणि चार वा पाच या अंकाने आरंभ होणारे भांडवली खर्चाचे, इतके ध्यानात ठेवले तरी पुष्कळ उलगडा होतो. खर्चाच्या बाबीतही असाच भेद आहे. ०१ म्हणजे वेतन, १३ म्हणजे कार्यालयीन खर्च आणि ३३ म्हणजे अर्थसाहाय्य.

एका शीर्षातील रक्कम दुसऱ्या शीर्षात आपल्या मर्जीने वापरता येत नाही. म्हणून कार्यालयाला पैसा आला अशी वार्ता खरी असूनही ठिबकचे अनुदान थकलेले असू शकते, कारण आलेला पैसा अवजारांच्या किंवा मृदसंधारणाच्या शीर्षातील असतो. अतिवृष्टी वा गारपीट झाल्यावर मिळणारी मदत तर सर्वस्वी निराळ्या वाटेने येते. तिचे मुख्य शीर्ष २२४५ असून पंचनाम्यानंतर ती विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी व तहसीलदार या महसुली मार्गाने येते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के व राज्याचा २५ टक्के असतो. या मदतीची चौकशी करण्यासाठी कृषी कार्यालयात खेटे घालणाऱ्या शेतकऱ्याला योग्य दार दाखविणे हे कार्यकर्त्याचे काम होय.

एकाच अनुदानाचे अनेक हिस्से असतात, हा आणखी एक घोटाळ्याचा मुद्दा आहे. सूक्ष्म सिंचनाच्या केंद्र पुरस्कृत योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकाला मापदंडाच्या ५५ टक्के साहाय्य मिळते आणि त्यात केंद्र व राज्य यांचे प्रमाण ६०:४० असते. त्यावर मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून राज्य २५ टक्क्यांची भर घालते. इतर भूधारकांना हेच साहाय्य ४५ अधिक ३० असे मिळते. समजा, मापदंडाप्रमाणे संचाची किंमत १,००,००० रुपये धरली, तर अल्प भूधारकाच्या ८०,००० रुपयांपैकी ३३,००० केंद्राचे, २२,००० राज्याच्या समरूप हिश्श्याचे आणि २५,००० राज्याच्या पूरक योजनेचे असतात. हे तीन प्रवाह एकाच दिवशी पोचतीलच असे नाही. खात्यावर ५५,००० जमा झाले आणि २५,००० आले नाहीत, तर अनुदान कापले गेले असे लगेच समजू नये. पूरक हिस्सा अजून वाटेत असू शकतो.

केंद्र पुरस्कृत योजनांची रीत जुलै २०२१ पासून आणखी बदलली आहे. प्रत्येक योजनेसाठी राज्यात एक नोडल यंत्रणा व तिचे एक बँक खाते ठेवून केंद्राचा आणि राज्याचा हिस्सा त्यात आणावा, असे केंद्रीय वित्त मंत्रालयाने ठरविले. निरनिराळ्या कार्यालयांच्या खात्यांत पैसा पडून राहू नये हा त्यामागील हेतू होता. पुढे ‘स्पर्श’ पद्धतीत पैसा आगाऊ खात्यात न ठेवता देण्याच्या वेळीच सोडण्याची सोय झाली. राज्याचा हिस्सा पडल्यावाचून मात्र या योजनांचे काम पुढे सरकत नाही.

चौथा अर्थ : पैसा हाती आहे, पण देयक अडले आहे

हा अर्थ कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात घ्यावयाचा आहे, कारण येथे विलंब आपल्याच बाजूला असू शकतो. कोषागारातून देयकाविना पैसा निघत नाही. तालुक्याच्या ठिकाणी उपकोषागार व वर्ध्याला जिल्हा कोषागार ही या कामाची ठिकाणे होत. देयक दाखल झाले की त्याला टोकन क्रमांक मिळतो. मग प्राधिकारपत्र, लेखाशीर्ष, मंजुरीचा आदेश, अधिकाऱ्याची नमुना सही, रकमेची बेरीज आणि जोडलेली प्रमाणके तपासली जातात. महाराष्ट्र कोषागार नियम, १९६८ आणि मुंबई वित्तीय नियम, १९५९ हे या तपासणीचे मुख्य आधार आहेत. काही उणे आढळल्यास देयक आक्षेपासह परत येते.

कोषागाराची ही तपासणी काहींना आडमुठेपणाची वाटते. पण बाजारात कापूस विकताना वजनाची पावती आणि हिशेबपट्टी जुळल्याशिवाय कोणताही शहाणा शेतकरी सही करीत नाही. शासनाचा कोषागार अधिकारी जनतेच्या वतीने तीच दक्षता घेतो. त्याच्या पुढ्यातील पैसा ना त्याचा असतो ना देयक पाठविणाऱ्याचा.

देयकातील बहुतेक उणिवा मात्र मुळात गावात उत्पन्न होतात. सातबाऱ्यावरील नाव आणि आधारवरील नाव यांत फरक असणे, खरेदीच्या देयकावर तारीख किंवा संचाचा तपशील नसणे, पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेची खरेदी असणे, मोका तपासणी लांबणीवर पडणे आणि शेतकरी ओळख क्रमांक काढलेला नसणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. गावात पाच मिनिटांत सुधारता येणारी चूक वर गेल्यावर कित्येक आठवडे घेते.

पाचवा अर्थ : रक्कम निघाली, पण खात्यात पोचली नाही

देयक मंजूर झाल्यावर रक्कम बँकेच्या मार्गाने जाते. भारतीय रिझर्व्ह बँक ही राज्य शासनाचीही बँक आहे. केंद्र व राज्ये यांची मुख्य खाती तिच्या नागपूर येथील मध्यवर्ती लेखा विभागात ठेवली जातात. म्हणजे देशभरातील राज्यांच्या शिलकीचा मेळ सिंदीपासून रेल्वेने तासा-दीड तासाच्या वाटेवर असलेल्या शहरात घातला जातो. शिल्लक कमी पडल्यास राज्याला ठराविक मर्यादेत अर्थोपाय अग्रिम घेता येते, पण ती अल्प मुदतीची उचल असते व व्याजासह परत करावी लागते.

शेतकऱ्याच्या बाजूने या टप्प्यावर अडथळा येतो तो खात्याचा. आधार दुसऱ्याच बँकेच्या जुन्या खात्याशी जोडलेले असते, खाते व्यवहाराअभावी बंद पडलेले असते, किंवा बँकांच्या विलीनीकरणानंतर शाखेचा संकेतांक बदललेला असतो. अशा वेळी रक्कम परत जाते, किंवा शेतकऱ्याच्या लक्षात नसलेल्या खात्यात जाऊन पडते. येथे ‘निधी आला नाही’ हे उत्तर चुकीचेच ठरते, कारण निधी आला होता, त्याला उतरावयास जागा मिळाली नाही.

एकतीस मार्च

वरील पाचही टप्प्यांवर एका तारखेची छाया असते. विनियोजन एका वर्षापुरतेच असते. ३१ मार्चला जी तरतूद खर्ची पडली नाही ती व्यपगत होते, म्हणजे तिचा अधिकार संपतो. पुढील वर्षी ते काम करावयाचे तर नव्या तरतुदीतून करावे लागते. शेतकऱ्याची पूर्वसंमती कागदावर तशीच राहते, पण तिच्यामागचा पैसा गेलेला असतो आणि त्याची गणना पुढील वर्षाच्या दायित्वात होते.

म्हणून शिस्त अशी आहे की वर्षाचे आठ महिने होताच खर्चाचा आढावा घेऊन आठमाही सुधारित अंदाज पाठवावेत आणि जी रक्कम खर्च होणार नाही ती वेळीच समर्पित करावी. एका तालुक्यात न लागणारी रक्कम वेळीच परत गेली, तर ती दुसऱ्या तालुक्यातील थकलेल्या शेतकऱ्याच्या कामी येऊ शकते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात समर्पित केलेला पैसा कोणाच्याच उपयोगाचा राहत नाही. तरतूद बुडू नये म्हणून पैसा काढून वैयक्तिक लेख्यात ठेवणे हाही सन्मार्ग नव्हे. कागदावर खर्च झालेला दिसतो, शेतावर काहीच झालेले नसते. देशाच्या लेखापरीक्षकांनी अशा प्रकारांवर वारंवार बोट ठेवले आहे.

खर्चाचा मागोवा

पैसा दिला गेला म्हणजे हिशेब संपला असे होत नाही. कोषागार दरमहा आपले लेखे महालेखापालांकडे पाठविते. विदर्भ व मराठवाडा यांसाठी महालेखापालांचे कार्यालय नागपूरला आहे. प्रत्येक कार्यालयाने आपल्या नोंदवहीतील खर्च आणि महालेखापालांकडील खर्च यांचा ताळमेळ घालावयाचा असतो. ज्यांना अनुदान दिले त्या संस्थांकडून उपयोगिता प्रमाणपत्र घ्यावयाचे असते. तातडीसाठी संक्षिप्त देयकावर काढलेल्या रकमेचे तपशीलवार देयक मागाहून सादर करावयाचे असते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल अनुच्छेद १५१ अन्वये राज्यपालांमार्फत विधिमंडळापुढे येतात आणि लोकलेखा समिती संबंधित विभागांना त्याबद्दल जाब विचारते. ज्या विधिमंडळाने वर्षारंभी खर्चाला संमती दिली तेच वर्षानंतर तो कसा झाला हे विचारते.

ही रीत एका दिवसात घडलेली नाही. हिंदुस्थान सरकारचा पहिला अर्थसंकल्प जेम्स विल्सन यांनी ७ एप्रिल १८६० रोजी मांडला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८६२ मध्ये, वर्धा जिल्हा नागपूर जिल्ह्यापासून वेगळा निघाला. हा जिल्हा आधी मध्य प्रांतात, १९५० पासून मध्य प्रदेशात, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आला. राज्ये बदलली, परंतु जमा-खर्चाच्या वह्या एकमेकींना जोडीत पुढे चालत राहिल्या.

सार्वजनिक पैशाच्या हिशेबाविषयी वर्ध्याला स्वतःची अशी एक परंपराही आहे. लंडनमध्ये हिशेबतपासनिसाचे शिक्षण घेतलेले आणि अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्तव्यवहाराचा अभ्यास केलेले जे. सी. कुमारप्पा हे १९३४ च्या अखेरीस स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे कार्य वर्ध्याच्या मगनवाडीतून करीत. सरकारी वित्तव्यवहार आणि देशाचे दारिद्र्य यांच्या संबंधावरील त्यांचे लेख गांधीजींनी ‘यंग इंडिया’मधून प्रसिद्ध केले होते. पैसा कोणाकडून घेतला जातो आणि तो फिरून कोणाकडे जातो, या दृष्टीने सरकारचा हिशेब वाचला पाहिजे, असा त्यांचा रोख होता. ही दृष्टी आजही उपयोगाची आहे. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेसाठी १९७५ मध्ये शहरी व्यावसायिक व पगारदार यांच्यावर व्यवसाय कर बसविण्यात आला. त्या निधीतून ग्रामीण मजुराला काम मिळावे आणि राज्याने त्यात तितकीच भर घालावी, अशी योजना होती. कोणाचा पैसा कोठे जातो हे ज्याला उघड दिसते, तोच त्याचा हिशेब मागू शकतो.

कार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी काय करावे

१. शेतकऱ्याला ‘निधी आला नाही’ एवढेच सांगू नये. तरतूद, वितरण, लेखाशीर्ष, देयक आणि बँक या पाचांपैकी कोठे अडले आहे ते विचारून घेऊन सांगावे. ठाऊक नसल्यास दिवस ठरवून त्या दिवशी माहिती द्यावी.

२. बीम्स प्रणालीवर योजनानिहाय तरतूद, वितरण व खर्च यांचे आकडे पाहता येतात. तालुका बैठकीस जाण्यापूर्वी आपल्या योजनेचे आकडे पाहून जावे.

३. पूर्वसंमती मिळताच शेतकऱ्याचे आधार, सातबारा, शेतकरी ओळख क्रमांक व बँक खाते यांतील नावे जुळतात की नाही ते तपासावे. आधार कोणत्या बँक खात्याशी जोडले आहे हे शेतकऱ्याने बँकेतून लेखी अथवा मोबाइलवर पाहून घ्यावे.

४. खरेदी पूर्वसंमतीच्या तारखेनंतरचीच असावी. दुकानदाराकडून पूर्ण तपशिलाचे देयक घेऊन ते लगेच संकेतस्थळावर चढवावे. मोका तपासणी डिसेंबरच्या पलीकडे ढकलू नये, कारण जानेवारीनंतर सर्वांचीच देयके एकदम वर जातात.

५. देयक आक्षेपासह परत आल्यास तो आक्षेप शेतकऱ्याला त्याच आठवड्यात कळवावा.

६. पुढील वर्षाच्या मागणीचे अंदाज पावसाळा संपता संपता तयार ठेवावेत. किती शेतकरी ठिबक घेऊ इच्छितात आणि किती प्रकरणांचे दायित्व थकलेले आहे, हे दोन आकडे गावनिहाय वेगवेगळे दाखवावेत. दायित्व दडविले तर येणारी नवी रक्कम जुन्या थकबाकीतच संपते आणि नव्या शेतकऱ्याला पुन्हा तेच उत्तर मिळते.

७. समाधानकारक उत्तर न मिळाल्यास शेतकऱ्याने माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या अधिनियमान्वये अर्ज करावा. सर्वसाधारणपणे ३० दिवसांत माहिती मिळाली पाहिजे. अर्जात ‘माझे अनुदान का आले नाही’ असे न विचारता, ‘माझ्या प्रकरणाचे देयक कोणत्या तारखेस, कोणत्या टोकन क्रमांकाने कोषागारात दाखल झाले’ असे नेमके विचारावे. नेमक्या प्रश्नाला मोघम उत्तर देणे कठीण जाते.

शासनाची तिजोरी ही शेतकऱ्याच्या कणगीसारखीच आहे. तीत येते किती, जाते किती आणि कोणासाठी जाते, याची नोंद नसेल तर भरलेली कणगीही पुरत नाही. ठिबकाच्या नळीला पाणी आले नाही तर शेतकरी विहिरीपासून निघून झडप, गाळणी व जोड पाहत पाहत जेथे अडथळा असेल तेथे हात घालतो. अनुदानाच्या बाबतीतही त्याने व त्याच्या गावच्या कार्यकर्त्याने तसेच केले पाहिजे, आणि तेही मार्च उजाडण्यापूर्वी.